मुरमाड

(येडशीच्या अलीकडं, बालाघाटच्या उतारावरची एक छोटी वायनरी. दुपारची वेळ. खालच्या गावातून शिवनाम सप्ताहाचं भजन भोंग्यावर ऐकू येतंय.)

वैजनाथ : सरबत! ह्याच तोंडानं म्या सरबत म्हणालो, गायत्री. मागल्या साली, प्रसादाच्या कीर्तनाला, भरल्या मंडपात, वीणेवर हात ठेवून. "माझ्या पुतणीच्या कारखान्यात द्राक्षाचं सरबत निघतं, दारू न्हाय." आन आज मठाच्या भिंतीवर पेपरातली ही कातरण चिकटवलेली. वाच. मोठ्यानं वाच.

गायत्री : काका, आधी सावलीत या. एवढा चढ चढून आलाय. पाणी देऊ?

वैजनाथ : तुझ्या इथलं पाणी? त्यात काय काय आंबवलंस?

गायत्री : बोअरचं आहे.

वैजनाथ : नगं. वाच म्हणालो ना.

गायत्री : वाचायचं काय त्यात? माझीच मुलाखत आहे. "बालाघाटच्या उतारावर वाईनचा नवा मुलूख. धाराशिव जिल्ह्यातल्या ज्या माळावर हुलगासुद्धा धड येत नव्हता, तिथं आता चार बागा उभ्या आहेत. त्यातली पहिली गायत्री हत्तरगे यांची. जमीन त्यांचे काका वैजनाथ हत्तरगे यांनी दिलेली."

वैजनाथ : माझं नाव. वाईन म्हणून अक्षर आन त्याच्या बगलंत माझं नाव. बरं, पुढं ते वासाचं हाय ते वाच.

गायत्री : ते राहू द्या.

वैजनाथ : वाच!

गायत्री : "'मुरमाड' या त्यांच्या लाल वाईनचा पहिला घोट घेतला की ओल्या मातीचा गंध येतो, मग जुन्या चामड्याचा, आणि शेवटी..."

वैजनाथ : चामडं! चामड्याचा वास प्यायला लोक पुण्याहून गाडी करून येतेत व्हय? मला सांगायचं. ही माझी चप्पल रात्रभर भिजत घातली आसती. फुकट.

गायत्री : तुलना असते ती, काका. वासाला नाव द्यावं लागतं.

वैजनाथ : आन त्या बाटलीला दिलेलं नाव? मुरमाड! अगं मुरूम रस्त्यावर टाकत्यात. बाटलीवर कुणी लिहितं? देवाची नावं सरली, नदीची सरली, म्हणून मुरूम?

गायत्री : देवाचं ठेवलं असतं तर आज काठी घेऊन आला असता.

वैजनाथ : काठी घेऊनच निघालो व्हतो. उंबऱ्यात आठवलं, सप्ताह हाय. सप्ताहात काठी उगारत न्हायत. ठेवली दाराआड. म्हणून हात हलवत आलो.

गायत्री : बसा तरी. ती पेटी पालथी घाला.

वैजनाथ : तुझ्या पेटीवर बी बसणार न्हाय. त्या दिवशी तो पाहुणा आला व्हता ना, पुण्याचा, शेंडी बांधलेला. म्या खालून बगत व्हतो. घोट घ्यायचा, गाल फुगवायचा, डोळे झाकायचे, आन मग थू करून बादलीत थुंकायचा. वर मान डोलवायची. पोरी, आपल्या घरात कुणी वाढलेलं थुंकलं आसतं तर तुझ्या आज्जीनं ताटासकट बाहेर काढलं आसतं. आन तू हसत व्हतीस त्याच्यासमोर.

गायत्री : तो थुंकला नसता तर सहाव्या बाटलीला आडवा झाला असता. कामच तसं आहे त्याचं.

वैजनाथ : थुंकायचं काम! वा. लई शिकलेलं दिसतंय.

गायत्री : झालं बोलून? मला टाकीवर जायचंय.

वैजनाथ : न्हाय झालं. आज सकाळी नागप्पानं कमिटी बसवली. मठाचा कारभार त्याच्याकडं आल्यापासून खत-बियाण्याचं दुकान आन देव, दोन्ही एकाच गल्ल्यावरून चालतेत. मला समोर उभा केला. उभा! एकतीस वर्षं मी तिथं उभाच हाय, पण वीणा घेऊन. आज रिकाम्या हातानं उभा केला, चोरासारखा.

गायत्री : काय म्हणाले?

वैजनाथ : "वैजनाथअण्णा, तुमी वीणेवर खोटं बोललात. तुमचा पहारा काढून घेतला."

गायत्री : पहाटेचा?

वैजनाथ : तीन ते पाच. दुसरा कुठला हाय माझा? तुला काय सांगायचं, तू तर माझ्या धोतराचा सोगा धरून झोपायचीस तिथं सतरंजीवर. सात दिवस, सात रात्री वीणा जमिनीला टेकवायची न्हाय. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. संध्याकाळच्या पहाऱ्याला मारामारी आसती, कारण महाराज कीर्तनाला उभे ऱ्हातेत, फोटो निघतेत. तीनला कोण? मृदंगवाला बी घोरत आसतो. एक समई, एक कुत्रं आन म्या. पण गायत्री, खरं सांगू? रात्री महाराजांनी कीर्तनात जे पेरलेलं आसतं ना, ते तीनला उगवतं. मंडपात त्यांचा आवाज उरलेला आसतो. बांबूला, कनातीला, गोणपाटाला. तार छेडली की तो हळूच खाली उतरतो. एकतीस वर्षं म्या दुसऱ्यांदा कीर्तन ऐकतो तिथं. एकटा. ते काढून घेतलं.

गायत्री : माझ्यामुळं झालं.

वैजनाथ : तुझ्यामुळंच झालं! तू मला काय सांगितलं व्हतंस?

गायत्री : रस आंबवणार, असं सांगितलं होतं.

वैजनाथ : आंबवणार! आपल्या घरात अंबील आंबती. ताक आंबतं. कुणाला चढली अंबील? म्या म्हणालो, पोरगी नाशकाला राहून शिकून आली, काहीतरी पोटाला थंड काढत आसंल. शहरातले लोक पीत आसतील उन्हाचं. म्या चार लोकांना छाती फुगवून सांगितलं, आमची गायत्री अंबिलीचा कारखाना काढायली.

गायत्री : तुम्ही शपथ घेतली तेव्हा मी मागं बायकांत बसले होते. उठावं वाटलं. अर्धी उठलेही. पण तुमचा आवाज इतका खणखणीत लागला होता की सगळा मंडप गप झाला. वाटलं, आत्ता मी बोलले तर काका तिथल्या तिथं पडतील.

वैजनाथ : आन आता काय उभा हाय म्या?

गायत्री : नाही. चुकलं माझं. कमिटीपुढं येऊन सांगते, काकांना काही माहीत नव्हतं, मी फसवलं.

वैजनाथ : म्हंजे वर मूर्ख बी ठरवतीस. सांगायची गरज न्हाय. नागप्पानं रस्ता दिलाय. सप्ताह उठूस्तोवर हे सगळं बंद. कुलूप लावायचं, किल्ली त्याच्या हातात द्यायची. तेवढं केलं तर आज रातीपासून माझा पहारा मला. तो येईल आत्ता किल्ली न्यायला. लाव कुलूप.

गायत्री : आज?

वैजनाथ : चार दिवसाचा प्रश्न हाय. चार दिवस तुझं चामडं कुणी प्यालं न्हाय तर पुणं ओस पडणार न्हाय.

गायत्री : काका, इकडं या. या टाकीत बघा. नाही, वाकू नका! लांबून बघा. पंखा चालू आहे, तरी वाकू नका.

वैजनाथ : का? डसतंय का?

गायत्री : वायू असतो वर. गरगरतं, माणूस आतच पडतो. बघा. हे तीन दिवसांपूर्वी तोडलेलं द्राक्ष. आत खदखदतंय, ऐकू येतंय? सालं वर येतात आणि अशी जाड साय धरतात. ती दर चार तासांनी खाली दाबायची, रसात बुडवायची. दिवसा, रात्री. नाही दाबली तर वर सुकते, आणि सुकली की सगळ्याचा आंबट शिरका होतो. चार दिवस कुलूप म्हणजे दोन वर्षांची बाग गटारात.

वैजनाथ : दर चार तासांनी?

गायत्री : सात-आठ दिवस.

वैजनाथ : रातीला कोण करतं?

गायत्री : बब्रुवान आणि दैवशाला होते. काल तुमच्या कमिटीनं भोंग्यावर सांगितलं, जो वायनरीत कामाला जाईल त्याच्या हातात सप्ताहात टाळ मिळणार नाही. दोघं सकाळी आली, पाया पडली आणि गेली. दैवशाला रडत होती. तेव्हापासून मी एकटी आहे. आणि हे मनगट.

वैजनाथ : काय झालंय त्याला? फडकं का बांधलंस?

गायत्री : दांडा सटकला. सुजलंय थोडं.

वैजनाथ : दाखव. ... थोडं म्हणे. वांग्याएवढं झालंय. डॉक्टर?

गायत्री : टाकी सोडून कुठं जाऊ?

वैजनाथ : मूर्ख. तुझा बाप आसता तर... जाऊ दे. आत्ता कशी दाबतीस?

गायत्री : डाव्या हातानं. अशी.

वैजनाथ : असं? हे काय दाबणं हाय? मधे भोक पाडायलीस नुसतं. कडेची सालं तशीच. बग, तिकडं वाळायलीत.

गायत्री : पोचत नाही माझा हात.

वैजनाथ : हुग्गीच्या खिरीचा गहू असा चोळला आसता तर अख्खी पंगत उपाशी उठली आसती. दे इकडं ते.

गायत्री : काका, तुम्ही नका. तुमचा सप्ताह...

वैजनाथ : दे म्हणालो ना! आगं हा दांडा हाय का मुसळ? लोखंडाचं कशाला केलं? कडा सापडत न्हायत ह्यानं. हातानं करायचं काम हाय हे. हात घातला तर काय होतंय?

गायत्री : काही नाही होत. लहान टाकीला हातानंच करतात पुष्कळजण. पण आधी धुवा. तिथं, कोपरापर्यंत. साबण लावून. आणि तोंड इकडं, दाराकडं ठेवा.

वैजनाथ : कोपरापर्यंत! मठात गाभाऱ्यात जायला बी लोक एवढे धूत न्हायत. नागप्पा तर पायावर दोन थेंब मारतो आन आत. ... हां. धुतले. सर बाजूला.

गायत्री : हळू. चिरडू नका, नुसतं बुडवा. कडेनं फिरवत या. ... असं. बरोबर. अगदी बरोबर.

वैजनाथ : गरम हाय गं हे!

गायत्री : जिवंत आहे ते.

वैजनाथ : नव्या व्यालेल्या म्हशीच्या कासेसारखं गरम. आन वास... म्हंजे त्या शेंडीवाल्याला काय नाकात तंबाखू भरली व्हती का? चामडं कुठाय हितं?

गायत्री : मग काय आहे?

वैजनाथ : पहिल्यांदा काकवी. कढईच्या बुडाची, जरा लागलेली. मग ओलं गोणपाट. आन मागून, लई मागून, रामलिंगाच्या दरीतलं जांभूळ. पाक पिकलेलं न्हाय, दगडावर पडून फुटलेलं. उन्हात तापलेल्या दगडावर. ... काय लिहायलीस?

गायत्री : काही नाही. बोला तुम्ही.

वैजनाथ : बोलायचं काय त्यात? नाक आसलेल्या कुणालाबी कळंल. त्याच्यासाठी गाडी करून यायला लागतंय व्हय? ... गायत्री, मला जरा हलल्यासारखं व्हायलंय. चढली! अगं चढली मला! थेंब बी घेतला न्हाय तरी! शिव शिव शिव.

गायत्री : चढली नाही, काका. वाकलात. सांगितलं होतं. इकडं दारात या, वारं घ्या. लांब श्वास घ्या.

वैजनाथ : नक्की न्हाय चढली?

गायत्री : वैजनाथ हत्तरगे यांच्या भावाच्या नातवाचं नाव सांगा.

वैजनाथ : मला भाऊ एकच, तुझा बाप. आन त्याला नातू कुठाय? तू लग्न करशील तेव्हा.

गायत्री : नाही चढली.

वैजनाथ : हसू नगं. ... कोण यायलंय बग. नागप्पाच हाय. मोटारसायकल खालीच लावून चालत यायलाय, म्हंजे काम मोठं आसणार.

नागप्पा : शरणार्थ, अण्णा. शरणार्थ, गायत्रीबाई. काय हो हा चढ तुमचा! एके काळी ह्या माळावर माकडं बी बसत नव्हती. आता पुण्याच्या बायका गॉगल लावून मुरमाचे फोटो काढतेत. नवा मुलूख म्हणे! मुलूख म्हंजे काय, तर चार दगड आन दोन वेली.

गायत्री : शरणार्थ, नागप्पाकाका. चार बागा आहेत. खत तुमच्याच दुकानातून जातं.

नागप्पा : खताचा मामला वेगळा. अण्णा, तुमी सांगितलं ना हिला? किल्ली द्या म्हंजे मी मोकळा. ... अण्णा, हे काय? हात!

वैजनाथ : हात हायत.

नागप्पा : पण हे... जांभळे! कोपरापर्यंत! तुमी त्यात हात घातला?

वैजनाथ : घातला. पोरीचं मनगट सुजलंय, तिची माणसं तुमी पळवलीत. कुणीतरी घालायचा ना.

नागप्पा : कमिटीनं बोलून चार तास न्हाय झाले, आन तुमी... इज्जतीचा काही विचार? बरं, जाऊ द्या. मी पाहिलं न्हाय. गायत्रीबाई, किल्ली.

गायत्री : देणार नाही. चार दिवस कुलूप लागलं तर सगळं नासेल.

नागप्पा : नासू द्या की. नासकंच हाय ते मुळात.

वैजनाथ : नागप्पा, तोंड सांभाळून. सप्ताह हाय.

नागप्पा : माफ करा. सगळं बंद करा असं कुठं म्हणालो मी? त्या टाक्या बंद करा. बाकी चालू राहू द्या. लाईट चालू राहू द्या. ती थंड खोली हाय ना तुमची, मागं, बारा बाय बाराची? ती चालूच राहू द्या.

गायत्री : थंड खोली? तिचं काय?

नागप्पा : काही न्हाय. चालू राहिली तर बरं. किल्ली माझ्याजवळ आसली म्हंजे...

वैजनाथ : थांब. थांब, नागप्पा. महाप्रसाद कवा हाय? परवा न्हाय, तेरवा. हुग्गी. हुग्गीवर घालायला दूध.

नागप्पा : चारशे लिटर. डेअरीवाला आदल्या दुपारीच टाकणार. बर्फाचा बंदोबस्त होईना. ऊन तर बगताय तुमी.

वैजनाथ : म्हंजे तुला कुलूप नको व्हतं. तुला खोली पायजे व्हती.

नागप्पा : तसं न्हाय, अण्णा...

वैजनाथ : आन मागायची लाज वाटली. दारूवालीच्या दारात कमिटीचा कारभारी हात पसरणार कसा? म्हणून माझी वीणा काढली, मला वर पाठवलं, कुलपाचा बहाणा केला, म्हंजे किल्ली धर्माच्या नावानं तुझ्या खिशात. वा रे अक्कल. खताच्या पोत्यात बी एवढी भेसळ नसंल.

गायत्री : दूध चालतं का मग इथलं? माझ्या इथं ठेवलेलं?

नागप्पा : दुधाचा मामला वेगळा, वीणेचा वेगळा. दूध काय, भांड्यात आसतं.

वैजनाथ : दूध पंगतीत वाढणार. हजार माणसांच्या पोटात जाणार. ते ह्या घरात राहिलं तरी शुद्ध. आन वीणा नुसती हातात धरायची, ती माझ्या हातानं बाटणार?

नागप्पा : लोकभावना आसती, अण्णा. मला सगळं सांभाळावं लागतं.

गायत्री : लोकभावना! नळदुर्गच्या ढाब्यावर तुमचे चिरंजीव युवराज शनिवारी सांभाळतात ती? तिथं तर मुरमाडसुद्धा पीत नाहीत. रंगीत स्पिरिट पितात, आणि...

वैजनाथ : गायत्री! कुणाच्या लेकराचं असं काढायचं न्हाय. भजन चालू हाय, ऐकू येतंय ना?

गायत्री : पण काका, हे...

वैजनाथ : पण बिन काही न्हाय. त्याला ठाऊक हाय आपलं पोरगं. बापाला ठाऊक नसतं का? तू नको सांगूस.

गायत्री : बरं. खोली देते. पण अट आहे. काकांचा पहारा परत, आणि पहाऱ्याच्या फळ्यावर नाव पहिल्यासारखं.

वैजनाथ : दुधाला अट घालू नको.

गायत्री : काका!

वैजनाथ : हुग्गी देवाची हाय, नागप्पाची न्हाय. चारशे लिटर दूध उन्हात फाटलं तर काय आपण टाळ्या वाजवणार? खोली दे. किल्ली बिल्ली काही न्हाय. दूध आणा, ठेवा, सकाळी न्या. आन दैवशालाला आन बब्रुवानला आज संध्याकाळच्या आत परत पाठव, नागप्पा. ती अट न्हाय. ते तू केलेलं हाय, ते तू उलटं कर. भोंगा तुझ्याच हातात हाय.

नागप्पा : पाठवतो. ... अण्णा, एक बोलू?

वैजनाथ : बोल.

नागप्पा : तुमच्या जागी तीनला कोण, ते अजून...

वैजनाथ : यादीत कोण हाय?

नागप्पा : युवराज. म्हंजे मीच घातलं नाव. दुसरं कुणी तयार होईना. सगळ्यांना संध्याकाळचाच पायजे. दोघांनी पाठ दुखती म्हणून सांगितलं, एकानं गुडघा.

गायत्री : युवराज नऊला उठतो.

नागप्पा : अलार्म लावणार हाय.

वैजनाथ : म्हंजे आज पहाटे वीणा खाली जाणार.

नागप्पा : तसं कसं... उमाशंकर एक ते तीन हाय. त्याला म्हणालो, जरा जास्त उभा राहा.

वैजनाथ : उमाशंकरला साखरेचा आजार हाय. चार तास उभा राहील तो? पडंल वीणेसकट. तुमी माणसं... सप्ताह म्हंजे काय वाटतं रं तुमाला? फळा, मंडप, तेरखेड्याहून आणलेली फटाक्यांची माळ, आन महाराजांच्या शेजारी उभं राहून फोटो. सात दिवस एकच गोष्ट करायची आसती, ती वीणा खाली ठेवायची न्हाय. तेवढी एकच. ती सोडून सगळं करायलाव तुमी.

नागप्पा : म्हणूनच म्हणतोय, अण्णा. तुमी या. तीनला गुपचूप या. फळ्यावर युवराजाचंच नाव राहील, पण उभे तुमी ऱ्हावा. कुणाला कळणार न्हाय.

गायत्री : काय माणूस आहे हा! चोरून उभं राहायचं? देवापुढं? एकतीस वर्षांनी?

नागप्पा : तुमी मधे पडू नका, बाई. अण्णांना समजतंय. फक्त हात तेवढे... धुऊन या, अण्णा.

वैजनाथ : धुतलेत. दोनदा. आत घालायच्या आधी एकदा, आत्ता तू यायच्या आधी... न्हाय, ते राहिलं. थांब. ... हां. हे बग, साबण लावला. झाले दोनदा. बग.

नागप्पा : रंग तसाच हाय.

गायत्री : तीन-चार दिवस राहतो तो. आणि चार तासांनी परत हात घालायचे असतील तर सप्ताह उठेपर्यंत राहणार.

नागप्पा : मग उपरणं गुंडाळा हाताला. अंधारच आसतो.

वैजनाथ : उपरण्यानं तार वाजत न्हाय.

नागप्पा : नुसती धरून उभे ऱ्हावा की. वाजवायलाच पायजे असं कुठं हाय?

वैजनाथ : बगितलंस, गायत्री? हा आमचा कारभारी. वीणा नुसती धरायची. उद्या म्हणंल, तोंड नुसतं हलवा, भजन मोबाईलवर लावू.

नागप्पा : अण्णा, टोमणे मारा, ऐकतो मी. पण सांगा, येणार का न्हाय?

वैजनाथ : येणार.

गायत्री : काका, नका. का जाता? पडू दे एकदा त्यांची वीणा. कळू दे त्यांना.

वैजनाथ : त्यांची कुठाय ती? त्यांची आसती तर म्याच म्हणालो आसतो, पडू दे. ... नागप्पा, तीनला येणार. फळ्यावर कुणाचं बी नाव लिही, म्या फळा बगायला येत न्हाय. पण उपरणं गुंडाळणार न्हाय. गुपचूप येणार न्हाय. समईपुढं उभा राहणार, आन ह्याच हातानं तार छेडणार.

नागप्पा : अहो, पण लोक काय म्हणतील?

वैजनाथ : पहाटे तीनला लोक कुठं आसतेत, नागप्पा? लोक आसते तर तू हा चढ चढून आला आसतास का?

नागप्पा : दूध परवा दुपारी येईल. टेंपो वरपर्यंत येतो ना?

गायत्री : येतो. वळणावर दगड आहेत, सावकाश आणायला सांगा.

नागप्पा : शरणार्थ.

वैजनाथ : शरणार्थ. उन्हाचं चाललास, पाणी पिऊन जा.

नागप्पा : इथलं?

वैजनाथ : बोअरचं हाय. मी बी आत्ताच पिणार हाय. गायत्री, दोन पेले दे. एक ह्याला, एक मला.

गायत्री : घ्या. ... हे काय, पितील असं वाटलं नव्हतं. अर्धा ठेवून गेले.

वैजनाथ : अर्धा पिला हे बग. ... आता मला सांग, हिशेब कसा? आत्ता दुपारी दोनला दाबलं. पुढं सहा, मग दहा, मग रातीचे दोन.

गायत्री : दोनचं मी करते, काका. दैवशाला येईल. तुम्ही झोपा.

वैजनाथ : तीनला उभं राहायचं आसलेला माणूस दोनला जागाच आसतो. दोनचं म्या करतो. करून हात धुतो, उतरतो. खाली जायला पाऊण तास बास. पाचला वीणा सोपवली की परत वर, सहाचं धरायला. तू आज मनगट डॉक्टरला दाखव. येडशीला तो हाडाचा बसतो ना, त्याच्याकडं. आत्ताच जा. सहापर्यंत म्या हाय.

गायत्री : तुम्ही तर म्हणाला होता, कुलूप लाव.

वैजनाथ : म्हणालो व्हतो. अजून बी म्हणतो, नासकं काम हाय हे. चांगल्या द्राक्षाची माती करायलीस, आन लोक ती थुंकायला येतेत. मी एक थेंब चाखणार न्हाय, मरेस्तोवर. पण कुणी तुझी टाकी नासू द्यायची म्हणलं तर ते बी मला बगवत न्हाय. आता विचारू नगं का ते.

गायत्री : नाही विचारत. ... काका, लिंबू आणू का? लिंबू चोळलं तर रंग बराच जातो. मंडपात कुणी बोलायला नको.

वैजनाथ : राहू दे. मागल्या साली ह्याच हातांना डाग नव्हता, आन वीणेवर ठेवून म्या खोटं बोललो. ... ती पलीकडची टाकी दाबलीस का?

गायत्री : नाही अजून.

वैजनाथ : मग साबण दे.